मागच्या फळीतली मुलगी

जानेवारी २०२५मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबनं अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संघाकडून नेओमी गिर्मा हिला विकत घेतलं. मोजले सुमारे ११ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानं साडेनऊ कोटी रुपयांच्या घरात. बायकांच्या फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरचा आकडा तोवर कुणासाठीच ओलांडला गेला नव्हता. गंमत अशी, की तो ओलांडला गेला तो एका बचावपटूसाठी. गिर्मा स्टॉपर आहे. वर्तमानपत्रात जिचा फोटो क्वचित छापून येतो, गोल झाल्यावर जिच्याभोवती कुणी गोळा होत नाही, आणि गोल बसला की मात्र सगळे जिच्याकडे बघतात, त्या जागेवर ती खेळते.

तिचे आईवडील इथिओपियातून कॅलिफोर्नियात आलेले. सॅन होजेमध्ये वडील सुट्टीच्या दिवशी आपल्यासारख्या इथिओपियन कुटुंबांना एकत्र करून मुलांचे सामने लावत, तिथं ती खेळायला लागली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ. २०२०मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि बरेच महिने गेले. २०२२मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर तिचं नाव पुकारलं गेलं. २०२३ची अमेरिकेची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू तीच, आणि हा मान मिळवणारी पहिली बचावपटूही तीच. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं सुवर्ण जिंकलं तेव्हा सहा सामन्यांत त्या संघावर फक्त दोन गोल झाले होते.

हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला कशासाठी सांगायचं? कारण ही कारकीर्द कशी घडते हे एकदा नीट उलगडलं, की आपल्या जंगलपट्ट्यातल्या मुली त्या वाटेवर नेमक्या कुठे अडतात ते दिसतं. आणि ते ठिकाण आपण समजतो तिथं नाही. पाय, छाती, हिंमत यांची वानवा या भागात कधीच नव्हती.

आधी ही जागा समजून घेऊ. फुटबॉलचं मोठं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ही मापं पुरुषांना आणि बायकांना सारखीच. गोलरक्षक मुलगी सरासरीनं पुरुषापेक्षा बुटकी, पण आडवा बार तेवढाच उंच. त्यामुळे बायकांच्या सामन्यात लांबून मारलेला उंच फटका जास्त धोक्याचा, आणि तो मारूच न देण्याची जबाबदारी मागच्या फळीवर जास्त. सर्वसाधारणपणे मागे चौघी असतात: मध्ये दोन स्टॉपर, कडेला दोन बॅक. कडेच्या बॅकला हल्ली पुढे धावत जाऊन क्रॉस टाकावा लागतो आणि चेंडू गेला की तेवढंच मागे पळत यावं लागतं. स्टॉपरला तेवढं पळावं लागत नाही, मात्र विचार नव्वदही मिनिटं करावा लागतो.

ज्यांनी आश्रमशाळेच्या मैदानावर मुलींची कबड्डी पाहिली आहे त्यांना बचाव म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. चढाईवाली आत शिरली की कव्हरची मुलगी लगेच झेपावत नाही. घाईची पकड म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. ती चढाईवालीच्या पायांकडे बघत अर्धं पाऊल मागे, अर्धं बाजूला सरकते, तिला कोपऱ्याकडे ढकलत नेते आणि तिचं वजन एका पायावर गेलं की मग हात घालते. फुटबॉलमधला बचाव असाच, फक्त हात बांधलेले. विंगर चेंडू घेऊन अंगावर आली की चांगली बॅक तिच्यापासून हात-दीड हात अंतर ठेवते. छाती सरळ समोर धरत नाही, तिरपी उभी राहते. गुडघे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या, पावलं छोटी. नजर चेंडूवर, कारण खांदे आणि कंबर फसवतात, चेंडू फसवत नाही. तिला मैदानाच्या आत येऊ द्यायचं नाही, बाहेरच्या रेषेकडे वळवायचं. ही दोन-तीन सेकंदं मिळाली की मागून दुसरी धावून येते. आणि चेंडू विंगरच्या पायापासून जरा लांब सुटला की तेवढ्यात पाय घालायचा. एक क्षण आधी घातला तर ती निघून जाते, एक क्षण उशिरा घातला तर फाऊल. पेनल्टी क्षेत्रात तोच फाऊल म्हणजे जवळजवळ गोलच.

कबड्डी जे शिकवत नाही ते मात्र बरंच आहे. पाठीमागची मोकळी जागा सांभाळणं, हवेतल्या चेंडूचा अंदाज घेऊन डोकं लावणं, आणि ऑफसाइडची रेषा. चौघींनी एका ओळीत पुढे सरकायचं, म्हणजे समोरची फॉरवर्ड चेंडू सुटायच्या क्षणी ऑफसाइडमध्ये सापडते. चौघींपैकी एकीचा पाय मागे राहिला तर तिघींची मेहनत पाण्यात. शिवाय २०१९पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्रातच आपल्या खेळाडूनं घेतलेली चालते. तेव्हापासून स्टॉपरनं चेंडू नुसता भिरकावून देणं मागासलेपणाचं समजलं जाऊ लागलं. आता आक्रमणाचा पहिला पास तिनं द्यायचा, तोही अंगावर प्रतिस्पर्धी धावून येत असताना.

आणि आवाज. मागून सगळं मैदान दिसतं ते गोली आणि स्टॉपर या दोघींनाच. ‘मागे बघ’, ‘वळ’, ‘सोड’, ‘बाहेर पड’ हे अखंड ओरडत राहणं हा त्या जागेच्या कामाचाच भाग. भामरागडच्या बाजूची मुलगी घरी माडिया बोलते, शाळेत मराठी शिकते, आणि राष्ट्रीय शिबिरात गेली तर प्रशिक्षक हिंदी-इंग्रजीत बोलतो. सोळा वर्षांच्या पोरीनं तिसऱ्या-चौथ्या भाषेत, विचार न करता, सेकंदाच्या आत हुकूम सोडायचे असतात. फॉरवर्डचं गप्प राहून भागतं. स्टॉपरचं भागत नाही. लाजऱ्या म्हणून मागे ठेवलेल्या किती मुली खरं तर भाषेनं अडलेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. निवड चाचणीत फॉरवर्ड दिसते, बचावपटू दिसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दीड-दोनशे मुली येतात, त्यांना बावीस-बावीसच्या गटात वीस मिनिटं खेळवतात. जी सुसाट पळते, दोघींना चकवते, लांबून फटका मारते, तिच्या नावापुढे खूण होते. योग्य जागी उभी राहिल्यामुळे जिच्याकडे चेंडू आलाच नाही, तिच्याबद्दल वहीत काय लिहिणार? बचावपटूची गुणवत्ता म्हणजे न घडलेल्या गोष्टी. त्या मोजायच्या तर तिला दहा-पंधरा सामन्यांत, वेगवेगळ्या फॉरवर्डसमोर, संघ हरत असताना, पावसात, थकलेली बघावी लागते. तिला घडवायलाही तेच लागतं. म्हणून फॉरवर्ड कुठूनही एखादी निपजते, बचावपटू मात्र जिथं सामने भरपूर तिथंच तयार होतात.

याचा पुरावा आपल्यासारख्याच एका जंगलपट्ट्यात आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा झाली. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई या तीन ठिकाणी. कोविडमुळे दोन वर्षं लांबलेली, आणि त्याच ऑगस्टमध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला काही दिवस निलंबित केल्यानं जवळजवळ हातची गेलेली. २१ जणींच्या भारतीय संघात सहा मुली एकट्या झारखंडच्या होत्या. कर्णधार अस्तम उरांव, गुमला जिल्ह्यातल्या बिशुनपूर भागातल्या गोराटोली या पाड्यावरची. जागा: बचाव. तिच्याच फळीत सिमडेग्याची पूर्णिमा कुमारीही होती. पुण्याची काजोल डिसूझा त्या संघात होती, पण ती आक्रमणात खेळणारी.

गुमला आणि गडचिरोली यांची तुलना ओढूनताणून केलेली नाही. दोन्हीकडे आदिवासींची मोठी वस्ती, दोन्हीकडे दाट जंगल, दोन्हीकडे भाताची एकपिकी शेती, दोन्हीकडे नक्षलवादाचा लांबलेला काळ, दोन्हीकडून विटभट्टीला आणि बांधकामाला जाणारी माणसं. विश्वचषक सुरू होता तेव्हा कर्णधाराच्या सन्मानार्थ तिच्या घराकडे रस्ता बांधला जात होता, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील २५० रुपये रोजानं राबत होते. ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि विसरले. मला त्या बातमीत हळहळीपेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोजंदारीवरच्या घरातली मुलगी भारताची कर्णधार झाली, ते ती लहानपणीच घर सोडून सरकारी निवासी फुटबॉल केंद्रात गेली म्हणून. झारखंडात मुलींसाठी अशी निवासी केंद्रं आहेत, मिशनच्या जुन्या शाळांमध्ये हॉकी-फुटबॉलची परंपरा आहे, आणि गावोगावी ‘खस्सी टूर्नामेंट’ भरतात. त्यात जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. मुलींचेही असे सामने होतात. थोडक्यात, शिबिरात पोचण्याआधीच त्या मुलीच्या पायाखालून बरेच सामने गेलेले असतात.

त्या विश्वचषकात भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. तीन सामने, सोळा गोल. बचावपटू कर्णधाराच्या नावावर हा आकडा कायमचा चिकटतो. तो वाचताना एवढं लक्षात ठेवावं, की समोरच्या अमेरिकन मुली सहा-सात वर्षांच्या असल्यापासून दर आठवड्याला क्लबचा सामना खेळत आलेल्या होत्या. आपल्या संघाची बांधणी मुख्यतः लांबलचक शिबिरांवर झालेली. शिबिरात दम वाढतो, शिस्त येते, पण परक्या फॉरवर्डच्या पायातली खोड ओळखण्याची सवय शिबिरात लागत नाही.

बचावपटूची कारकीर्द पूर्ण वाढली तर कशी दिसते, हे पाहायला इंफाळच्या लोइतोंगबम आशालता देवीकडे जावं. जन्म १९९३चा, भारताच्या वरिष्ठ संघात २०११पासून. मधल्या काळात मालदीवमधल्या न्यू रेडियंट क्लबकडून परदेशात खेळून आली, भारताची कर्णधार झाली, २०१९मध्ये सेतू एफसीला आणि नंतर गोकुलम केरळला इंडियन विमेन्स लीग जिंकून देणाऱ्या संघांत होती. २०१९मध्येच आशियातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूच्या शेवटच्या तीन नावांत तिचं नाव होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध ती शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. शंभरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. म्हणजे बचावपटू तिशीतही उपयोगी असते. फॉरवर्डचा वेग पंचविशीनंतर उतरायला लागतो, स्टॉपरची नजर त्या सुमारास पिकायला लागते. उशिरा सुरुवात करणाऱ्या मुलीसाठी ही जागा म्हणूनच जास्त दयाळू आहे.

मणिपूरनं राष्ट्रीय महिला अजिंक्यपद वीसहून अधिक वेळा जिंकलं आहे. त्या स्पर्धेच्या चषकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. २०२२-२३च्या हंगामात ती स्पर्धा तमिळनाडूनं हरियाणाला हरवून जिंकली, नंतर पुन्हा मणिपूरनं. महाराष्ट्रात मुलींचा फुटबॉल आहे, नाही असं नाही. मुंबई, पुणे आणि अर्थातच कोल्हापूर. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळलाही आहे. पण गडचिरोलीहून मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास, आणि सिरोंच्याच्या माणसाला तर हैदराबाद जास्त जवळ. राज्याच्या दृष्टीनं विदर्भ म्हणजे नागपूर, आणि नागपूरच्या दृष्टीनं गडचिरोली म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पलीकडचं काहीतरी. त्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. मैदान नसलं तरी खेळ उभा करता येतो हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्या सरकारला या जिल्ह्यांत काहीच करता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी २०१८चं ‘मिशन शौर्य’ आठवावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले दहा विद्यार्थी निवडले, त्यांना भोंगीर, दार्जिलिंग, लडाख इथं तयार केलं आणि मे २०१८मध्ये त्यांतले पाच जण एव्हरेस्टवर पोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. ही लहानसहान गोष्ट नाही. विसापूरला, बल्लारपूरशेजारी, मोठं क्रीडा संकुल उभं राहिलं आणि डिसेंबर २०२३मध्ये तिथं राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. तेव्हा पैसा येतो आणि इमारतीही होतात. पण एव्हरेस्ट हा वर्षभराचा प्रकल्प असतो. निवड, प्रशिक्षण, चढाई, सत्कार, संपलं. स्टॉपर घडवायची तर सहा-सात वर्षं दर आठवड्याला एक सामना लागतो. त्या कामाचं उद्घाटन करता येत नाही आणि फ्लेक्सही लावता येत नाही. बहुधा म्हणूनच ते मागे पडतं.

शरीराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथं या भागाचं स्वतःचं एक प्रकरण आहे. सिकलसेल. गडचिरोली आणि चंद्रपूर हे त्याचे जुने जिल्हे. आई आणि बाप दोघांकडून दोषयुक्त जनुक आलं तर तो आजार (एसएस). एकाकडूनच आलं तर ती व्यक्ती वाहक (एएस). वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, आयुष्यभर कळतही नाही. पण टोकाचा शारीरिक ताण, भर उन्हाळा आणि अंगातलं पाणी कमी झालेलं, असं एकत्र आलं तर वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, रक्त अडतं, स्नायू निकामी व्हायला लागतात. क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा जिवावर बेततं. २००६मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळणारा एक खेळाडू सरावात कोसळून गेला. वाहक असल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर २०१०पासून तिथल्या वरच्या स्तरावरच्या महाविद्यालयीन खेळाडूंची सिकलसेल तपासणी सुरू झाली.

ब्रम्हपुरी-चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो. अशा ठिकाणी मुलींची फुटबॉल शिबिरं ‘उन्हाळी सुट्टीत’ ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? वाहक मुलीला खेळू देऊ नका, असं यातून अजिबात निघत नाही. निघतं ते इतकंच: सराव सुरू होण्याआधी तपासणी, ताण हळूहळू वाढवणं, मागेल तेव्हा पाणी, आणि पाय गळाल्यासारखे वाटतात असं ती म्हणाली तर ‘कामचुकारपणा करते’ असं न समजता तिला तिथंच थांबवणं. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, तपासण्या गावोगावी होतात. त्या तपासणीचं कार्ड आश्रमशाळेच्या कपाटातून क्रीडाशिक्षकाच्या हातात जायला काही खर्च येत नाही. एसएस असलेल्या मुलीचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. आणि साधा रक्तक्षय, लोहाच्या कमतरतेचा, ही तिसरीच गोष्ट. त्याची तपासणी वेगळी, उपाय वेगळा.

दुसरं दुखणं गुडघ्याचं. वळताना, उडी मारून खाली येताना आतला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. सारखं थांबून वळणं आणि हेडरसाठी उडी, हे तर बचावपटूचं रोजचंच काम. शस्त्रक्रिया झाली तरी मैदानात परतायला नऊ ते बारा महिने लागतात, आणि जिल्ह्यात फिजिओथेरपी कुठे शोधणार? म्हणून इथं टाळणं हाच उपचार. ‘फिफा इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे: धावणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघे आत न झुकवता उतरणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याचा अभ्यास झाला आणि २००८मध्ये तो प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या मुलींमध्ये गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. त्याला जिम लागत नाही, यंत्रं लागत नाहीत. चेंडू आणि सपाट जागा पुरते.

कागदपत्रांचं घोडं मात्र सगळीकडे अडतं. फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणी आता ऑनलाइन आहे. त्यासाठी जन्मदाखला लागतो, आधार लागतं, दोन्हीवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळायला लागते. घरी जन्मलेल्या, शाळेत ‘१ जून’ लावून दाखल केलेल्या मुलीचं तिथंच अडतं. वयाची शंका आली तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये रिंकू राजगुरूनं केलेली मोनिका बापाबरोबर ओळखीच्या पुराव्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवते. ते बघताना शहरातल्या प्रेक्षकाला वाटतं, दिग्दर्शकानं जरा ताणलं. भामरागडच्या तहसीलबाहेर एक सकाळ काढली की असं वाटणार नाही.

पैशाचंही बोलू, कारण आईबाप तेच विचारणार. महासंघानं २०२३मध्ये ठरवलं, की वरच्या लीगमधल्या प्रत्येक महिला संघानं किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३.२ लाख रुपयांचा करार करावा. महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. गिर्माच्या आकड्यापुढे हे काहीच नाही, पण धान आणि तेंदूपत्त्यावर चालणाऱ्या घरात ही रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अडचण एवढीच, की असे संघ देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून फुटबॉल खेळणाऱ्या बहुतेक मुलींचा खरा डोळा रेल्वे, सशस्त्र सीमा बल, आसाम रायफल्स किंवा पोलीस यांच्याकडे असतो. गडचिरोलीत पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली दिसतात त्या पोलीस भरतीच्या: ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. फुटबॉल आणि भरती या दोन वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत, हे एकदा पालकांना नीट सांगितलं पाहिजे. नव्वद मिनिटं खेळणारी बॅक ८०० मीटरला घाबरत नसते.

राहतो प्रश्न सामन्यांचा. मुलींच्या शालेय फुटबॉलची मुख्य वाट सुब्रोतो कप: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग दिल्ली. अंतिम स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होत असल्यानं जिल्हा पातळी ऐन जुलैत येते. जुलैत पर्लकोटा नदीला पूर येतो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. दरवर्षी तुटतो, बातमीही दरवर्षी तीच येते. जिल्ह्याच्या गावापासून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या शाळेचा संघ त्या आठवड्यात पोचेल असं गृहीत धरणं म्हणजे तो येणार नाही असं ठरवून टाकणंच. शिवाय स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा शाळा आल्या तर आठ शाळांचा हंगाम पहिल्याच सामन्यात संपतो. अशा हंगामात फॉरवर्ड निदान एक गोल मारून नजरेत भरते. बचावपटू एक सामना खेळून पुढच्या जुलैची वाट बघते.

आदिवासी विकास विभागाची या दोन जिल्ह्यांत पाच प्रकल्प कार्यालयं आहेत: गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर. प्रत्येक प्रकल्पातल्या आश्रमशाळांमधून मुलींचा एकेक संघ काढला आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे असं खेळायचं ठरवलं, तर एकूण वीस सामने होतात. दर रविवारी दोन सामने आणि एका संघाला सुट्टी, असे दहा रविवार. धानाची कापणी-मळणी आटोपते डिसेंबरात, मोहफुलं वेचायला मुली घरी जातात त्या मार्चपासून, आणि मधल्या काळात दहा-बारा रविवार सहज निघतात. ऊन कमी, नद्या उतरलेल्या, रस्ते चालू. आठवीत संघात आलेली मुलगी दहावी होईपर्यंत चोवीस सामने खेळलेली असेल, सुब्रोतोचे वेगळे. नागपूरच्या किंवा बालेवाडीच्या निवडकर्त्याला मग वीस मिनिटांत डोळे फोडत बसावं लागणार नाही. त्याला प्रकल्प कार्यालयातून गुणतक्ता मागवता येईल आणि बघता येईल, की कुठल्या संघानं दहा आठवड्यांत सगळ्यात कमी गोल खाल्ले आणि त्या संघाच्या मागच्या फळीत मधोमध कोण उभी होती.